वर थांबायचं

इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत, घाटमाथ्यावरच्या आमच्या खिंडीत बसची वाट पाहत होतो. पुढे नवरा रेमो गेल्यापासून काळ्या कपड्यातच असलेल्या एल्विराबाई आणि सायकल धरलेले म्हातारे टुल्यो.

"वहिनी, त्या दिवशी हा घाट सायकलनं चढताना रेमो फारच रखडत होता. मी वैतागून तसाच पलीकडे उतरलो."

"पहिला पोचेल त्यानं वर थांबायचं, हा नियम तुमचाच ना?"

"माझाच. वाटलं, दमून परतला असेल. पण नंतर बोलायचंच टाकलं त्यानं."

"टाकतील नाही तर काय! अंधार पडेस्तोवर इथं कुडकुडत उभे होते."

"इथं? कशाला?"

"म्हणाले, टुल्यो मला सोडून जायचा नाही. वाटेत कुठं पाणी प्यायला थांबला असेल, येईलच मागून."

"अरे देवा! छातीशी वर्तमानपत्र तरी खुपसलं होतं का? उतारावर वारा कापतो नुसता."

"एकच होतं. तुमच्यासाठी ठेवलेलं. हातातच धरून घरी आले. त्यानंतर ह्यांचा खोकला काही गेला नाही."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

बस आली.

"चला भाऊजी, चढवा सायकल."

"तुम्ही व्हा पुढे, वहिनी. मी थांबतो जरा."