आधी नंबर, मग पाय

तुम्ही माझ्या वहीला हसता, म्हणून सांगतो. परवा शिरूर कासारला भाचीचा साखरपुडा होता. मामा मी एकटाच, आणि बस चुकलेली. बीडच्या बाहेर हात केला, तर मोसंबी नेणारा एक पिकअप थांबला. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. गाडीत पाय ठेवण्याआधी नंबर वहीत लिहायचा आणि ड्रायव्हरसमोरच बायकोला फोन करून सांगायचा.

ड्रायव्हर सलीम भडकला. "कावून लिहिता काका? आमी चोर हाय का?"

"तसं नाही बाबा. माझा सगळ्यांना हाच नियम आहे."

"मग ऱ्हावा इथंच."

साखरपुड्याला तासच उरला होता. तरी मी म्हणालो, "बरं. जा तुम्ही."

तो गेला नाही. त्यानं घरी फोन लावला, तोही स्पीकरवर. "एक चाचा बैठने से पहले गाडी का नंबर लिख रहे. बिठाऊँ क्या?"

पलीकडून त्याची बायको म्हणाली, "वहीवाले चाचा? बिठा लो. पिछले महिने भाईजान के टेम्पो में भी लिखकेच बैठे थे. अच्छे आदमी हैं."

साखरपुड्याला मी वेळेत पोचलो, पण ते सोडा. फोन ठेवताच सलीम खाली उतरला, फडक्यानं धुळीनं भरलेली नंबरप्लेट पुसली आणि म्हणाला, "आता नीट वाचून लिहा, काका."