विचारून थांबायचं

सोजरबाई: मंग मी रडू का पहिले?

योगिनी: रडायचं नाही, मावशी. तुमी फक्त लेकरू व्हा.

सोजरबाई: लेकरू रडत नाही तं काय करते? इतकी वर्सं या अंगणवाडीत खिचडी रांधून राह्यली मी. पहिल्या दिवशी हासत आलेलं पोट्टं मले एक दाखव.

योगिनी: हे पहिल्या दिवसाचं नाही. गप्पांचं आहे. मी विचारणार, तुमी सांगणार. प्रशिक्षणात शिकवलं तसं.

सोजरबाई: खऱ्या पोट्ट्यांसंग काहून नाही करत?

योगिनी: असते तं तुमाले कायले बसवलं असतं? उकंडरावच्या पोरीच्या लग्नाले अर्धं गाव इंझोरीले गेलं. बाकीचे तं तसेबी केनवडच्या कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतात. राह्यलो आपण दोघी.

सोजरबाई: गोलूबी गेला? मंग त्याचा डबा काहून आणला?

योगिनी: सवयीनं आणला. बसा ना चटईवर.

सोजरबाई: बसतो. घुडगे वाजले तं हासजो नको. अन् तुह्या मॅडमले चालते का असं म्हातारं लेकरू?

योगिनी: फोन केला होता मी सकाळीच. राखी मॅडम म्हणाल्या, मला मूल नाही बघायचं, तुमचं विचारणं बघायचंय. जेवणाच्या सुट्टीच्या आधी व्हिडिओ पाठवा, नाहीतर पुढच्या बॅचला पहिल्यापासून बसा.

सोजरबाई: साऱ्या बायांले, का तुलेच?

योगिनी: बाकीच्या पास झाल्या. तिथं मालेगावले जोड्या लावल्या होत्या. एकीनं ताई व्हायचं, एकीनं मूल. माह्यासमोर तुमच्या शेजारच्या गोजराबाईची सून बसली होती, दुसऱ्या अंगणवाडीवरची. तिनं तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देऊन मोकळी. मॅडम म्हणाल्या, योगिनीताई, विचारून थांबायचं असतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सारा हॉल हासला.

सोजरबाई: हासतीनच. तुह्या तोंडाले ब्रेक कुठं आहे?

योगिनी: असंच म्हणे ती सून. आता पाहा, फोन कळशीले टेकवला. मी ताई, तुमी मूल. चालू केला बरं.

ताई: बाळा, ये, माझ्याजवळ बस. या चित्रात तुला काय दिसतंय? घर दिसतंय ना? आणि ही कोण, आई ना? आई भाकरी थाप—

सोजरबाई: मंग मी काय सांगू? सारं तं तूच सांगून टाकलं.

योगिनी: बंद. परत.

ताई: बाळा, या चित्रात तुला काय दिसतंय?

मूल: कोंबडी.

ताई: अरे वा! कोंबडी काय करते? दाणे टिपते ना?

योगिनी: आलंच तोंडात. परत.

सोजरबाई: कोंबडीचा पाय पाह्यला काय वं? मोडका काढला चित्रवाल्यानं.

योगिनी: मावशी!

सोजरबाई: बरं बापा. एक सांगू? इचारलं का पदर दातात धर. विहिरीवर दोर ओढताना धरतो, तसा.

योगिनी: व्हिडिओत कसं दिसन ते?

सोजरबाई: कसंबी दिसू दे. बोलशीन तं नाही.

योगिनी: बरं, विचारलं का धरते पदर. चित्र ठेवून देते बाजूले. साधंच विचारते. चालू.

ताई: बाळा, घरी गेल्यावर तू काय करतेस?

मूल: खेळतो.

ताई: —

मूल: खेळून झालं का जेवतो.

ताई: —

मूल: अशी टकमक पाहू नको ना वं.

ताई: —

मूल: घरी गेली का कुलूप काढतो.

ताई: —

सोजरबाई: मंग मोठ्यानं म्हणतो, हां, बोल रे हरीओम. भिताडाच्या तिकडं गोजराबाई असते, तिले ऐकू जावं म्हणून. फोन कानाले लावतो अन् बोलत राह्यतो. जेवला काय, सायली शाळेत गेली काय, सूनबाईची पाठ कशी आहे.

ताई: मग?

सोजरबाई: मंग काय. बंद आहे तो फोन. चार्जिंगच घेत नाही. पोरगा पुण्याले गेला तवा रोज करे. मंग सणावाराले करे. आता फोन बिघडला तरी कोणी पाहाले आलं नाही, का बुढी काहून उचलत नाही. पण गोजराबाई सकाळी नळावर इचारतेच, काय म्हणे वं हरीओम? मी सांगतो, ये म्हणून मांगं लागला, मीच जात नाही. बाया म्हणतात, सोजराचं पोरगं लय गुणाचं.

ताई: —

सोजरबाई: एवढंच करतो घरी गेल्यावर.

योगिनी: मावशी...

सोजरबाई: झालं का तुह्यं? जमलं?

योगिनी: जमलं. पहिल्यांदा जमलं.

सोजरबाई: पाह्य, पदरानंच जमलं. पाठव मंग. ...थांब. कोण पाहीन तो?

योगिनी: मॅडम. अन् उद्या हॉलमधी, पडद्यावर, साऱ्याजणी.

सोजरबाई: गोजराबाईची सूनबी?

योगिनी: तीबी.

सोजरबाई: पण मी तं लेकरू होती ना त्याच्यात. खोटं खोटं.

योगिनी: हरीओमचं नाव घेतलं तुमी. गोजराबाईचंबी.

सोजरबाई: घेतलं काय? ...तेवढं कापता नाही येत काय वं, भाजीचा देठ खुडल्यावानी?

योगिनी: ते खुडलं तं मंग माह्यं थांबणंबी जाते. तेवढ्यातच थांबली मी.

सोजरबाई: मंग जाऊ दे तसाच. नाही तं पुन्हा हासतीन त्या तुले. मले काय, नळावर उशिरा जाईन.

(फोन वाजतो.)

योगिनी: हॅलो. हो, मॅडम. नाही, मॅडम... काढला होता, पुसला गेला. ...नाही, दुसरा नाही काढत. नाही थांबता येत मला. ...हो. चालेल. पुढच्या बॅचला बसते. ...पहिल्यापासून, हो. ठेवते.

सोजरबाई: खोटं काहून बोलली? पुसला कुठं?

योगिनी: हा पाहा. आता पुसला.

सोजरबाई: मले काय समजते त्यातलं.

योगिनी: गेला, मावशी. कोठंच नाही आता.

सोजरबाई: दुसरा काढला असता ना. माय, बाप, आजी, सारं घर भरून सांगितलं असतं मी.

योगिनी: आता ते खोटं घर मले नसतं ऐकवलं.

सोजरबाई: पागल आहे तू. ...चाल, आता तू लेकरू हो.

योगिनी: कायले? फोन बंद आहे.

सोजरबाई: बंद फोनवरबी बोलता येते, मले इचार. बस इकडं. अजून खाली बस, लेकरं काय खुर्चीइतकी असतात?

योगिनी: बसली. विचारा.

ताई: तो डबा कोणाचा वं?

मूल: गोलूचा. सांगितलं ना मघाशी. त्याची माय सकाळीच वावरात जाते, तो उपाशी येते, म्हणून मी आपला...

ताई: —

मूल: काय झालं?

ताई: —

मूल: खिचडी तं इथं भेटतेच त्याले. मले माहीत आहे.

ताई: —

मूल: गोलूसाठी नसते तो. हे गेले तरी हात दोघांचंच पीठ काढते. कमी घ्यायचं ठरवते, अन् परातीत पाह्यलं का तेवढंच. मंग दोन ताटं घेते. मीच विचारते, मीठ बरोबर आहे का? मीच सांगते, बरोबर आहे. अजून वाढू का? नको, पुरे. असं सारं जेवण होते. उरलं ते सकाळी डब्यात भरते. कोणी खाल्लं म्हणजे... म्हणजे रांधलं ते बरोबर होतं, असं वाटते.

ताई: —

मूल: हॉलमधी थांबायले सांगितलं ना, तवा काय झालं माहीत आहे? वाटलं, मी चूप बसली अन् समोरून काहीच आलं नाही तं?

ताई: —

मूल: मावशी, बोला ना काहीतरी.

ताई: बसली आहे मी. तू सांग.