गुण जाईल म्हणून न सांगितलेली औषधं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय भिमाजीअण्णा, तालुक्याहून मुद्दाम आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी हा हार आणि हे श्रीफळ आणलं आहे ते आपल्या दवाखान्याचे डॉक्टर सोनटक्के, शाळेतले माझे सहकारी, दुष्काळी कामावरून अर्धा दिवस काढून आलेली मंडळी आणि उजव्या हाताला बसलेल्या माताभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मुख्याध्यापकाला पाच मिनिटं पुरत नाहीत हे तुम्ही जाणताच, आणि आज तर माझं डोकंही ठिकाणावर नाही. तेव्हा अण्णा, कृपा करून घड्याळाकडे बघू नका.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, गोरगरिबांचे कैवारी, त्यांच्या जाण्याने गाव पोरकं होणार. ऐकायला बरं वाटलं. मग दीड महिन्यापूर्वी वरच्या ऑफिसला अर्ज गेला तो कोणत्या गावाचा होता? 'सदर डॉक्टर आजारी बाईस ताकदीचे औषध घेऊ देत नाहीत, त्यांच्या गोळ्यांमुळे बाईस फिट येतात, तरी त्यांची त्वरित बदली व्हावी.' मला तो तोंडपाठ आहे, कारण तो मी लिहिला. मजकूर पुंजारामशेठांचा, अक्षर माझं. गावात काहीही लिहायचं निघालं की गुरुजींकडे जायचं, अशी आपली पद्धत. खाली त्र्याऐंशी सह्या आणि अंगठे आहेत. बदली त्याच अर्जामुळे झाली असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण एवढ्या चपळाईने तर टँकरही कधी आला नाही.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. अर्जातली आजारी बाई म्हणजे माझी पत्नी मनकर्णा. ती त्या खांबाशेजारी बसली आहे. गेल्या आषाढात तिच्या मेंदूत गाठ निघाली, कॅन्सरची. मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली नाही, म्हणून कोबाल्टच्या किरणांचा शेक दिला, महिना-सव्वा महिना. दसऱ्याला आम्ही घरी आलो. तिकडच्या डॉक्टरांनी फिट येऊ नये म्हणून दिवसातून तीन वेळा गोळी दिली आणि सांगितलं, एकही चुकवू नका.

पुढे आपलं गाव भेटायला आलं. रिकाम्या हाताने आजाऱ्याला भेटायचं नाही, हा आपला रिवाज, आणि तो मला फार आवडतो, खरंच. पण प्रत्येकाच्या हातात औषध. पुंजारामशेठांनी पुण्याहून प्रोटीनचा डबा मागवला. अण्णा, तुम्ही माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. शाळेतून लाल टॉनिकची बाटली आली. राहीबाईंनी शंखभस्म दिलं, मधातून. मिरजगावच्या पाहुण्यांनी कसलीशी मुळी दिली, शेळीच्या दुधात उगाळायची. माझ्या सासूबाई साळूबाई, गावात प्यायला पाणी नाही, आणि त्यांनी फुटक्या माठात गहू पेरून आपल्या वाट्याचं पाणी त्याला घातलं. का, तर लेकीला हिरवा रस मिळावा. आता अशा माणसाला काय बोलायचं?

यात कोणाचा वाईट हेतू होता? कोणाचाच नाही. मी चिडलोय तो दुसऱ्याच गोष्टीवर. प्रत्येकाने पुडी हातात ठेवली आणि दाराकडे बघून हळूच एकच वाक्य म्हटलं. "गुरुजी, कोनाला सांगू नगा हां. नाव सांगितलं की औशिदाचा गुन जातो." म्हणजे एकाच बाईच्या पोटात सहा औषधं, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. डॉक्टरांना तर नाहीच नाही.

डॉक्टर दर गुरुवारी सायकलवरून घरी यायचे. दर खेपेला विचारायचे, "गुरुजी, बाहेरचं काही चालू आहे का? बंद करा म्हणत नाही मी. फक्त सांगा." आणि मी, सातवीला विज्ञान शिकवणारा माणूस, चेहरा कोरा ठेवून म्हणायचो, "छे, छे, काही नाही."

मार्गशीर्षात ती भाकरी थापत होती. मी नको म्हणत होतो, ती ऐकेना. तव्यापुढेच फिट आली. डावा हात तव्यावर पडला आणि मी परसातून धावत येईपर्यंत तसाच राहिला. तळहाताची कातडी तव्याला चिकटली होती. माफ करा, अशा प्रसंगी हे बोलू नये. पण निरोप देताना फक्त गोड बोलायचं असा नियम असेल, तर तो आज मला पाळता येणार नाही.

डॉक्टरांनी हात बांधला आणि ओसरीवर बसून पुन्हा तेच विचारलं. निम्मं गाव जमलेलं. राहीबाई, तुम्ही होता. सगळे एकमेकांकडे बघत होते. तेव्हा मनकर्णाच उठून बसली. म्हणाली, "डाक्टर, मला समदं आठवत न्हाई आता, पर तोंडात काय घातलं त्ये ठावं हाय." आणि तिने सहाही औषधं सांगितली, कोणी दिलं त्या नावासकट. साळूबाई तिच्या तोंडावर हात धरायला धावल्या, "अगं, गुन जाईल." ती म्हणाली, "जाऊं दी. मी जायाच्या आदी त्यो गेल्याला बरा."

डॉक्टरांनी वहीत सहा ओळी लिहिल्या. फेकून काय दिलं त्यांनी? काही नाही. प्रोटीन चालू ठेवा म्हणाले, तिच्या अंगात बळ हवं. रस द्या, माठ तेवढा स्वच्छ ठेवा. शंखभस्म गोळीबरोबर पोटात गेलं तर गोळी नीट अंगी लागेल की नाही याची खात्री नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ती मुळी कसली ते कळेपर्यंत थांबवा. आणि गाठीवर यातलं काहीही चालणार नाही, गाठीचा इलाज मुंबईलाच, एवढं ध्यानात असू द्या. इतकंच बोलले ते. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डॉक्टरांनी आजारी बाईचं खाणंपिणं तोडलं. आठ दिवसांत अर्ज तयार.

त्या दिवशी उठताना त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. "गुरुजी, आणखी काही राहिलंय?" मी म्हणालो, नाही.

आता मुद्द्यावर येतो. अण्णा, दोनच मिनिटं. फिट काही थांबल्या नाहीत. येत्या सोमवारी मी तिला घेऊन मुंबईला निघतोय. तिकडचे मोठे डॉक्टर आपल्या डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी वाचून पुढचं ठरवणार. चिठ्ठी तयार आहे, मी वाचली. तीत लिहिलंय, 'तीन वेळा गोळी नियमित घेऊनही फिट येतात.' साहेब म्हणाले, याचा अर्थ बहुधा गाठ पुन्हा वाढतेय. कदाचित डोकं पुन्हा उघडावं लागेल. हे ऐकल्यापासून मी जेवलेलो नाही.

कारण चिठ्ठीतलं ते वाक्य खोटं आहे. साहेब, तुम्ही खोटं लिहिलं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं.

दिवाळीनंतर मी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. तिथे पालात बसलेल्या एका माणसाने मला काळ्या पुड्या दिल्या. तीन महिने, रोज सकाळी एक, नागा करायचा नाही. म्हणाला, मेंदूतली गाठ विरघळते, पण सकाळची इंग्रजी गोळी याच्याआड येते, ती देऊ नका. आणि कोणाला सांगू नका. बायकोलासुद्धा. मी ऐकलं. मनकर्णा, सकाळच्या चहात तुझी गोळी विरघळवलीय असं मी तुला रोज सांगत होतो. त्यात गोळी नव्हती, ती पुडी होती. तू ओसरीवर सहा नावं सांगितलीस. सातवं तुला माहीत असणं शक्यच नव्हतं.

तुझा हात भाजला त्या दिवशीही मी बोललो नाही. तीन महिन्यांत खंड पडला तर सगळं फुकट जाईल अशी भीती होती. अर्ज लिहिताना 'गोळ्यांमुळे फिट येतात' हे माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, तेव्हा तर मला पक्कं ठाऊक होतं की सकाळची गोळी तिच्या पोटात जातच नाही. आजसुद्धा मी तिला तो चहा दिला आणि मग हे धोतर नेसून इथे आलो. तुमच्यावर अर्धा तास चिडलो, पण या सगळ्यांत लिहिता-वाचता माणूस मी एकटाच होतो.

राहिलेल्या पुड्या या टेबलावर ठेवतो. साहेब, हार नंतर घाला. आधी ही चिठ्ठी घ्या आणि ते वाक्य खोडा. दिवाळीपासून गोळी दोनच वेळा, सातवं औषध काळी पूड, देणारा नवरा, असं लिहा. यात काय आहे ते मला माहीत नाही, तेही लिहा. कदाचित गाठ वाढलीही असेल. पण माझ्या लबाडीपायी तिचं डोकं उघडायला नको.

संयोजकांनी बोलू दिलं, सभेने ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. डॉक्टरसाहेब, तुम्ही इथे केलेल्या प्रत्येक फेरीबद्दल गावाच्या वतीने आभार. तुमची बदली रद्द व्हावी अशा नव्या अर्जाचा कच्चा मसुदा मी आजच लिहितो, सह्या ज्याने त्याने ठरवाव्यात. माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल, शिस्त मोडली असेल, तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. सकाळच्या चहाबद्दल मात्र सभेकडे क्षमा मागत नाही. ती द्यायची की नाही, हे खांबाशेजारी जी बसली आहे तिने ठरवायचं. नमस्कार.