डोंगरराखणीतून बायांना वगळण्याआधी

समारंभाचे अध्यक्ष सरपंच बिभीषणभाऊ, व्यासपीठावरचे वनखात्याचे साहेब, बदली झाली म्हणून आज जिला आपण निरोप देतोय ती आपली वनरक्षक पंकजाताई, आणि समोरच्या वडीलधाऱ्या मंडळींनो, मायबहिणींनो, वन समितीची सदस्य प्रज्ञा आपल्याला जय भीम आणि रामराम करते.

ताईंच्या कौतुकाचे दोन शब्द बोल म्हणालात. ताईंनी टोपी काढलेली नाही, कारण खाली टाके आहेत. मग ते टाके पडले त्या दुपारबद्दलच बोलते.

डोंगरावर राखणीची पाळी आमची होती. ताई, साळूआत्या आणि मी. ओढ्यापाशी चार गडी चंदनाच्या बुंध्याला करवत लावून बसलेले. मी गावाकडे तोंड करून ओरडले, "बिबट्या आला." चोर म्हटलं तर कुणी उठत नाही, बिबट्या म्हटलं की गडी काठ्या घेऊन धावतात, हा आमचा समज. मंडळी, तुम्ही काय केलंत? दारं लावलीत. शेळ्यासुद्धा आत घेतल्यात.

साळूआत्यांनी करवतीचं पातं मुठीत धरलं. समोरच्यानं ओढलं. दोन बोटं पाचोळ्यात पडली. आत्या त्याला म्हणाल्या, "वढ अजून. दुसरा हात हाय मला."

ताईंच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसला. डोळ्यांत रक्त उतरलं तरी त्यांनी काठी फिरवली. त्या माणसाचा गुडघा फुटल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मीही एकाच्या मनगटाला चावले आणि मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. तिघे पळाले. चौथ्याला पळता आलं नाही.

आता या समारंभानंतर ग्रामसभा आहे. 'महिलांच्या सुरक्षिततेसाठी' त्यांना राखणीतून वगळावं, असा सरपंचांचा ठराव येतोय. बिभीषणभाऊ, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण उद्या डोंगरावर कोण जाणार? ज्या पुरुषांना जायचंय त्यांनी हात वर करावा. मी थांबते.

ओंकारभाऊ, तुम्ही डोकं खाजवताय, तो हात मी मोजत नाही.

कुणीच नाही? मग उद्याची पाळी आमचीच. पंकजाताई, नव्या गावाला सुखानं जा, इथला डोंगर आम्ही सोडत नाही.

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर मला क्षमा करा. ठराव मांडणाऱ्याला मात्र मी करणार नाही.