धुऱ्यावरचा चालता देव

अमडापूरच्या फाट्यावर कौशल्याबाई वांग्यांची टोपली घेऊन चिखलीच्या एस.टी.ची वाट पाहत बसल्या होत्या. बाजूलाच रंगराव आणि मोतीराम बसले होते. दोघांची वावरं एकमेकांना लागून, मधे एक धुरा, म्हणजे बांध.

मोतीराम म्हणाला, "हसू नका रंगरावभाऊ. आपल्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड आपोआप चालते."

"दगड चालते? पाय फुटले काय त्याले?"

"मागच्या साली दोन हात तुमच्या वावरात गेला. कोनाचा हात लागला नाही."

"वा रे वा! वावर तुहं वाढलं, अन् हात कोनाचाच लागला नाही! वरून तू त्याले शेंदूर फासला."

"चालता दगड म्हंजे देवच ना भाऊ."

"शेंदूर फासला का कोनी हात लावत नाही, हे तुले बरोबर मालूम. मोजणीवालाबी पाया पडून गेला! महाराष्ट्र झाला, गावात वीज आली, अन् तुह्या डोक्यात अजून अंधार!"

"पन आता माह्यावरच कोपला ना देव."

"काऊन?"

"आज सकाळी पाह्यलं, तं मांगं फिरला. मूळ जागा ओलांडून पुरा चार हात माह्या वावरात आला."

कौशल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. रंगराव तंबाखू मळत राहिले.

"चला ना भाऊ, दोघं मिळून उचलू अन् जाग्यावर ठेवू."

"हट्! शेंदराच्या देवाले हात लावतं काय बे? पाप लागते. नारळ फोड, अन् गप बस."