कफ नव्हे, कॉफ

अहो, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इकडे बाकावर बसा — हं, तर काय म्हणत होते मी, तुमची मुलगी हुशार आहे, मान्य, सगळ्यांच्याच मुली हुशार असतात, मठ्ठ मूल घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. प्रश्न हुशारीचा नाहीच. हा फळा बघा. कालच्या वर्गाचा आहे, पुसायचा राहिलाय. ओ, यू, जी, एच — दिसतात ना सगळ्या शब्दांत? तीच चार अक्षरं, त्याच क्रमाने. आणि वाचायचं कसं? टफ. दो. थ्रू. थॉट. आता बोला! टफमध्ये फ आला कुठून? कुठून नाही, आला. दोमध्ये जी आणि एच काय करतात? काही नाही करत, लांबच्या पाहुण्यांसारखे नुसते बसून राहतात. नियम विचाराल तर नियम नाही. पालक म्हणतात, मॅडम, काहीतरी युक्ती सांगा — युक्ती कसली डोंबलाची, घोकायचं. जीभ दुखेपर्यंत घोकायचं. माझ्या मुलीने घोकलं.

हो, आहे ना, एकच. परदेशात असते. तिला मी दुधाच्या दातांपासून इंग्रजीत वाढवलं, घरात मराठीला बंदी — पाणी हवंय, इंग्रजीत माग. भांडायचंय, इंग्रजीत भांड. तिचे बाबा वैतागायचे, म्हणायचे, अगं, निदान रडू तरी दे तिला मराठीत — मी ऐकून घेतलं नाही. आणि आज बघा, तिकडची माणसं तिच्या हाताखाली काम करतात, आणि बोलण्यावरून कुणी ओळखत नाही ती कुठली ते. कुणीही! उगाच नाही सांगत मी. फोनवर कधीकधी मलासुद्धा ओळखू येत नाही.

नात? आहे की. पाचवं लागलंय. गोड — गोडच असणार, नात आहे. कशी बोलते म्हणजे? छान बोलते, टपाटपा बोलते. म्हणजे — तिच्या आईशी बोलते.

आता तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर मी कुणाला सांगायला जाते — मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल होता. पोर मागे गालिच्यावर खेळत होती आणि खोकत होती. असा ओला, छातीतला खोकला, तुम्ही आई आहात, तुम्हाला कळतो तो. मी विचारलं — इंग्रजीतच विचारलं, कारण मराठी तिला येत नाही, तिच्या आईने शिकवलीच नाही — म्हटलं, सोन्या, यू हॅव कफ? तर पोरीने काय करावं? हात वर केला आणि मला तिच्या फ्रॉकची बाही दाखवली. खरंच! मनगटाजवळची पट्टी, फुलाफुलांची. इतक्या कौतुकाने दाखवली की मीही म्हटलं, वा वा. आणि तिची आई — ती काय म्हणाली असेल? औषध दिलंय म्हणाली? डॉक्टरकडे नेलं होतं म्हणाली? छे. म्हणाली, ‘आई, कॉफ. कफ नव्हे, कॉफ. कफ बाहीचा असतो.’

मला माहीत नाही होय? मला? अहो, याच फळ्यावर मी पोरांकडून घोकून घेतलंय — कॉफ, कॉफ, कॉफ. पण पोर खोकत होती हो! खोकणाऱ्या पोरासमोर ओ-यू-जी-एच आठवतं कुणाला? आपल्या तोंडात कफ म्हणजे कफच, छातीत घरघरतो तो. आतून आलं ते बाहेर पडलं. एक शब्द चुकला. एक!

मग पोरीला आतल्या खोलीत पाठवलं आणि मला म्हणते — रागावून नाही हो, अगदी मऊ आवाजात, कामावरच्या माणसाला समजावतात ना, तसं — ‘आई, प्लीज, तू तिच्याशी इंग्रजीत नको बोलत जाऊस. तिच्या कानावर पडतं, मग ती तसंच उचलते. शाळेत हसतात तिला.’ उचलते! जशी काही मला लागण झालीये. मी म्हटलं, बरं बाई, मग कशात बोलू? तर म्हणे, नुसता हात हलव ना, तिला आवडतं.

परवा हलवला. असा. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. इंग्रजीची शिक्षिका मी, ह्या अख्ख्या रस्त्यावरची पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि नातीसमोर मुक्यासारखी हात हलवत बसले. पोरीने आईला विचारलं — मला स्पष्ट ऐकू आलं — की ग्रॅनीला बोलता येत नाही का? आणि आई हसली. एवढंच, हसली. मला राग आला, इतका राग आला, वाटलं फोन भिंतीवर आपटावा. नाही आपटला. पुन्हा हात हलवला.

नको, पाणी नको. बरी आहे मी.

असो. तुमच्या मुलीचं बोलू. सोमवारपासून पाठवा, चारचा वर्ग. शिकेल, न शिकून जाते कुठे, मी सोडत नाही. पण माझी एक अट असते, सगळ्यांनाच असते — घरात मराठी पूर्ण बंद. तुम्ही, तुमचे यजमान, जेवताना, झोपताना, सगळं इंग्रजीत. चुकू दे, पण इंग्रजीत. घरात एकदा दोन भाषा शिरल्या की पोर दोन्हीकडून — काय? कोण, सासूबाई? तुमच्याकडेच असतात? बरं. अजिबात येत नाही त्यांना? मग त्यांना नीट समजावून सांगा, नातीच्या भल्याचं आहे म्हणावं, थोडे दिवस तिच्यासमोर — तिच्याशी — म्हणजे त्यांनी नुसतं —

नुसतं —

नाही, काही नाही. उठा तुम्ही. चारच्या वर्गात जागा नाही, मगाशी चुकून बोलून गेले. पाचच्याही नाही. ह्या रस्त्याला पुष्कळ क्लास आहेत, दुसरीकडे बघा. अहो, नाही म्हटलं ना! जा घरी. दार ओढून घ्या.