वायर न लावता

वाशीच्या बसस्टॉपवर प्रिया तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत उभी होती. मागच्या बाकावर एक बाई आणि तिची जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला आलेला तरुण बोलत होते.

“एवढी जुनी, आणि एवढी जपलेली! ताई, खरंच विकायचीय?”

“माझा नवरा संघर्ष गेल्यापासून कोपऱ्यात मुकी पडून असते. बघवत नाही.”

“कुठे वाजवायचे ते?”

“भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात. अख्खी कॉलनी नाचायची. घरी मात्र वायर न लावता. बाळ निजलेलं असायचं ना.”

“तशी कितीशी ऐकू येणार?”

“मला यायची. म्हणायचा, हा शो फक्त तुझ्यासाठी. तिकीट म्हणून चहा टाक.”

“मी जरा वाजवून बघू?”

“बघा ना. तशीच.”

“गाड्यांच्या आवाजात काय कळणार, ताई?”

“तुमी वाजवा. मी कान लावते.”

तिने गिटारीच्या लाकडाला कान टेकला. तो हलक्या बोटांनी वाजवू लागला.

“ताई, कामोठ्याची बस आली. तुम्हाला जायचंय ना?”

“जाऊ दे, मागून दुसरी येईल. तुमी वाजवायचं थांबू नका.”

प्रियालाही तीच बस हवी होती. तिने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बसकडे पाठ केली.